एकुलता उजवा

३ फेब्रुवारी, सोमवार

वही नवी आहे, म्हणून आधी वहीवाल्याची ओळख. मी स्वतःच्या हाताने बनवलेल्या वस्तू अशा: एक लेथ, भंगारातल्या तीन मेलेल्या लेथचे अवयव जोडून, आजही कापलेल्या आट्यांत केसाचा फरक पडत नाही. वर्कशॉपचं सरकतं दार, करंगळीने सरकतं. घराचा जिना, सतरा पायऱ्या, प्रत्येकीची उंची १७० मिमी, फरक अर्ध्या मिमीच्या आत. पॅकिंग मशीनचे गियर, किती ते मोजायचं सोडून दिलं. झोपायचा पलंग, चोवीस वर्षांत एकदाही कुरकुरला नाही. हे अभिमानाने लिहितो आणि जास्त खुलासा करत नाही. ही वही, शिवण आणि पुठ्ठा दोन्ही माझं. एक मुलगी, सध्या परगावी शिकते, यात वाटा निम्मा.

शाळा नववीपर्यंत. पुढचं सगळं मशीन उघडून शिकलो. गिऱ्हाईक म्हणतं, भाग गेलाय, नवीन टाका. मी म्हणतो, आधी उघडू, बघू, मग ठरवू. दहातले सहा भाग गेलेले नसतात.

आता वहीचं कारण. काल आंघोळ करताना उजवीकडे गाठ लागली. उजवीकडे म्हणजे खाली. तळाशी, टणक, दुखत नाही.

डावीकडे काही नाही. नऊ वर्षांचा होतो तेव्हा तिथे पिळा पडला होता. दुखत होतं, पण कुठे ते सांगायची लाज वाटली, म्हणून दोन दिवस 'पोट दुखतंय' म्हणत लोळलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो काढून टाकला. वडील म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. नाही सांगितलं. बायकोलाही नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिच्या लक्षात आलेलं नाही. ती शाळेत गणित शिकवते, पण हा धडा तिच्या पुस्तकात नसावा.

तर गाठ. 'वाटाण्याएवढी', 'लिंबाएवढी' असली मापं मला चालत नाहीत. कुठला वाटाणा? कुठलं लिंबू? वर्कशॉपमधलं व्हर्नियर कॅलिपर घरी आणलं. जबडे थंडगार; पहिल्या प्रयत्नात तोंडातून जे निघालं ते वहीत लिहिण्यासारखं नाही. म्हणून जबड्यांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, दोन टोप्या शिवल्या, प्रत्येकी तीन मिमी जाड. दोन्ही मिळून सहा वजा. कातडीची चिमूट वेगळी मोजली, तीही वजा. वेळ ठरलेली: गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, कारण थंडीत माल आकसतो.

माप: १३.९ मिमी.


४ फेब्रुवारी, मंगळवार

१३.८. ही बाहेरून म्हणाली, "अहो, आंघोळीला एवढा वेळ? पाणी संपवताय की काय?" मी म्हटलं, "साबण सापडत नाहीये." ती म्हणाली, "साबण माझ्या हातात आहे, नवीन काढलाय."

पुढच्या वेळी कारण आधी तपासून सांगावं.


६ फेब्रुवारी, गुरुवार

१३.५.

वर्कशॉपमध्ये माझ्या जोडीला मिस्त्री आहेत, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, हात अजून स्थिर. आज दुपारी ते म्हणाले, "मालक, व्हर्नियरला पावडरचा वास येतोय."

"साफ केलं."

"पावडरने?"

"नवीन पद्धत आहे."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि दोन्ही हात शाफ्टला हवेत म्हणून व्हर्नियर दातांत धरलं. दहा मिनिटं धरलं. मी दुसरीकडे तोंड करून गियर मोजत बसलो. संध्याकाळी बाजारात जाऊन नवं व्हर्नियर आणलं आणि मिस्त्रींना म्हटलं, "हे तुमचं." त्यांना फार आनंद झाला. सव्वीस वर्षांत मालकाने दिलेली पहिली भेट म्हणाले.


१० फेब्रुवारी, सोमवार

१२.९! आठवड्यात पूर्ण एक मिमी गेला.

आलेख काढला. रेघ इतकी सरळ उतरते की पट्टी ठेवून ओढल्यासारखी. याच गतीने मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाठ शून्यावर येते. मी काय बदललं याचा विचार केला. चहातली साखर बंद केली आहे, आणि वर्कशॉपच्या स्टुलाला मधोमध भोक पाडून घेतलं आहे, हवा खेळती राहावी म्हणून. दोन्हींपैकी कशाचा गुण ते कळायला एक गोष्ट बंद करून बघावी लागेल. पण चालू मशीनला हात कशाला लावा?


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

१२.४. डॉक्टर लोक एवढी वर्षं शिकतात ते नेमकं काय शिकतात, असा प्रश्न पडतो.

ही हल्ली फार बोलत नाही. परीक्षा जवळ आल्या की तिचं असंच होतं. काल माझ्या ताटात वाढताना हात थांबला आणि नुसतीच बघत राहिली. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही. स्टुलाला भोक का पाडलंत?" मिस्त्रींनी सांगितलं असणार. ही आणि मिस्त्री एवढं कधीपासून बोलायला लागले?


१९ फेब्रुवारी, बुधवार

११.९.

आज मी स्वतःच ठरवलं की एकदा डॉक्टरला दाखवावं. गाठ उतरतेच आहे, पण काम नीट झाल्याचा शिक्का असलेला बरा. योगायोग असा की हिने शुक्रवारचा एक नंबर लावून ठेवला होता, स्वतःच्या पाठदुखीसाठी. "मला शाळेत सुपरव्हिजन आहे, नंबर फुकट जाईल, तुम्ही जाऊन या," म्हणाली. कार्ड बघितलं तर डॉक्टर मूत्ररोगाचे सर्जन. पाठदुखीसाठी! हिला डॉक्टरांतलं ओ की ठो कळत नाही. पण तिचा पाणउतारा कशाला करायचा, म्हणून गप्प राहिलो.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हिचं सुपरव्हिजन ऐनवेळी रद्द झालं म्हणे, त्यामुळे बरोबर आली. मी तिला बाहेर बसवलं. वह्यांचा गठ्ठा आणलाच होता तिने.

सर्जन मोठे आहेत. टेबल मोठं, खुर्ची मोठी, घाईही मोठी. हातमोजा चढवला, दोन बोटांत गाठ धरली, अर्ध्या मिनिटात सोडली.

"कधीपासून आहे?"

"एकोणीस दिवस. पण कमी होतेय." आलेख पुढे केला.

सर्जनांनी आलेख बघितला, मला बघितलं, परत आलेख बघितला. "हे कशाने मोजलंत?"

सांगितलं. ते खोकले. बराच वेळ खोकले. मग रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली, आजच करा म्हणाले.

सोनोग्राफीवाल्याने गार चिकट मलम थापलं आणि पडद्यावर काळं-पांढरं वादळ दाखवलं. मी विचारलं, "माप किती?"

"चौदा बाय बारा."

"चौदा पूर्णांक किती?"

"चौदा."

"परवा माझ्याकडे ११.९ आलं होतं."

तो म्हणाला, "काका, हलू नका."

बाहेर आलो तेव्हा हिच्या मांडीवर एकच वही उघडी होती. दीड तास ती तीच वही तपासत होती. पोरगा फार कच्चा असणार.


२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन मापांत २.१ चा फरक. एकाचं हत्यार चुकतंय. माझं चुकणं शक्य नाही, हे सिद्ध करायला सगळी यादी तपासली. व्हर्नियरचा शून्य बरोबर. कातडीची चिमूट बरोबर. उरल्या टोप्या. नमदा तीन मिमी, तो कशाला मोजायचा? तरी मोजला.

दोन मिमी.

रोज गरम पाण्याची वाफ, रोज दाबणं. नमदा चेपत गेला, रोज थोडा थोडा. मी मात्र रोज सहाच वजा करत राहिलो. गाठ जशी होती तशीच होती. उतरत होता तो नमदा. तीन आठवडे मी नमद्याच्या प्रकृतीत सुधारणा मोजत होतो.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. पहिल्या दिवशी टोप्या कोऱ्या होत्या आणि माप आलं होतं १३.९. सोनोग्राफीवाल्याचं चौदा. म्हणजे त्याच्या आधी अठरा दिवस, त्याच्याहून दशांशाचं एक घर जास्त बारीक, मी बरोबर होतो.

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. मग लक्षात आलं की गाठ आहे.


२४ फेब्रुवारी, सोमवार

मोठे सर्जन. ही बाहेर.

रक्तातल्या तिन्ही खुणा साफ आहेत. या गाठी वाईट असल्या की त्यातली एखादी तरी बहुधा वर चढते; नाही चढली तरी भरवसा नाही, असं ते म्हणाले.

"अशा गाठी बहुतेक कर्करोगाच्याच असतात. काढून टाकू. परवा जागा आहे."

"काय काढून टाकू?"

"वृषण. अख्खं."

"दुसरं कुठंय?"

सर्जन थांबले. पहिल्या भेटीतच त्यांच्या हाताला कळलं असेल, पण मी तोंडाने पहिल्यांदा बोललो. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही एका अनोळखी माणसाला, पाच मिनिटांच्या फीमध्ये.

"मग हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतील. कायमची. काही अडत नाही."

"आत काय आहे ते बघितलंत?"

"सोनोग्राफी बघितली ना."

"ते बाहेरून झालं. उघडून?"

"यात बाहेरून सुई टोचत नाहीत. वाईट असेल तर पसरतं. म्हणून आधी काढायचं, मग बघायचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्याकडे मशीन आलं आणि मी न उघडता अख्खं इंजिन भंगारात टाकलं, तर गिऱ्हाईक मला मारेल."

"तुम्ही इंजिन नाही."

"इंजिनाला दुसरं तरी मिळतं."

मला वाटलं हाकलणार. पण माणूस बरा निघाला. पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "दुसरं नाही म्हणून विचारताय, ते बरोबर आहे. गाठ लहान आहे, रक्त साफ आहे. उघडून, नुसती गाठ काढून, जागच्या जागी तपासायची अशी एक पद्धत आहे. त्याला तपासणारा डॉक्टर शेजारच्या खोलीत लागतो, माझ्याकडे नाही. मोठ्या रुग्णालयात एक जण करतात." कागदावर नाव आणि भेटीचा वार लिहून दिला. नाव बाईचं.

बाहेर आल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "किरकोळ आहे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ." ती म्हणाली, "गुरुवारी सकाळी मला वेळ आहे." गुरुवार मी सांगितलाच नव्हता. तिच्या कागद वाचण्याच्या सवयीबद्दल एकदा बोलायला हवं.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाई साडेचार फुटांच्या असतील. केस पांढरे, आवाज कंडक्टरचा. मी आत शिरताच म्हणाल्या, "पॅन्ट काढा, लाज नंतर." एवढ्या वेळात मिस्त्री एक बोल्टही सैल करत नाहीत.

मी ड्रॉइंग नेलं होतं. सोनोग्राफीच्या फिल्मवरून केलेला छेद, पाचपट मोठा, गाठ तिरप्या रेघांनी भरलेली, तीन बाजूंनी मापं. बाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं.

"कुणी काढलं?"

"मी."

"माझ्या रेसिडेंटला शिकवा जरा." मग पेन्सिल घेऊन माझ्या ड्रॉइंगवरच सगळं समजावलं. चीर खाली द्यायची नाही, जांघेत द्यायची. वृषण वर ओढून बाहेर घ्यायचं. रक्त आणणाऱ्या दोरीला मऊ चिमटा लावायचा, भोवती बर्फ. सोनोग्राफी लावून गाठ शोधायची, बारीक काठासकट सोलून काढायची. ती शेजारच्या खोलीत जाते, तिथे डॉक्टर गोठवून चकत्या करतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. वीस-पंचवीस मिनिटं. साधी असेल तर शिवून जागेवर परत. वाईट असेल तर तिथेच सगळं काढायचं.

"सोनोग्राफीत आत थर दिसताहेत, एकात एक कड्यांसारखे," त्या म्हणाल्या. "असे थर बहुतेक निरुपद्रवी गाठीत असतात. बहुतेक. आणि गोठवलेल्या चकत्या कधी कधी फसवतात. पक्का रिपोर्ट आठवड्याने. तो वाईट आला तर परत टेबलावर. चालेल?"

"चालेल. मी जागा राहणार."

"कमरेखाली भूल देऊ, तर जागेच राहाल."

"आणि एक आरसा लावला तर..."

"नाही."

"छोटा."

"तुम्ही मला सूचना द्याल."

खरं होतं, म्हणून वाद घातला नाही. मग त्यांनी विचारलं, किती दिवसांनी डॉक्टरकडे आलात? सांगितलं. डावा कसा गेला? तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे नऊ वर्षांचे होतात तेव्हा दोन दिवस गप्प बसलात आणि आता एकोणीस. वयाबरोबर सुधारणा आहे."

माझा इतका नीट, मापात अपमान आजवर कुणी केला नव्हता. बाई मला आवडल्या.


३ मार्च, सोमवार

दाखल झालो. खोलीत पलंग लोखंडी, डाव्या पुढच्या पायाला पॅकिंग हवं. पुठ्ठ्याची घडी घालून लावलं, आता डुगडुगत नाही.

भीती वाटत नाही. सकाळपासून नखं तीन वेळा कापली, ती स्वच्छतेसाठी.

संध्याकाळी नर्स फॉर्म घेऊन आली. ही खुर्चीत बसून सफरचंद कापत होती. दोन गोष्टींवर सह्या: गाठ काढणे, आणि गरज पडल्यास वृषण काढणे. दोन्ही केल्या. दुसरी सही जरा वाकडी आली, पेन खराब होतं.

नर्सने विचारलं, "आधी कुठलं ऑपरेशन?"

मी हिला म्हटलं, "जरा पाणी आणतेस?"

"पाणी भरलेलं आहे."

"चहा आण मग."

"उद्या ऑपरेशन आहे, चहा कसला?" मग सुरी न थांबवता नर्सला म्हणाली, "लिहा. डावं वृषण. नवव्या वर्षी. पिळा पडला होता."

नर्सने लिहिलं. खाली सही घेतली. निघून गेली. मी भिंतीकडे बघत होतो. भिंतीला रंगाचे दोन हात दिलेत, तिसरा चुकवलाय.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईने. लग्न ठरायच्या आधी. म्हणाल्या, तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तुला नको असेल तर नाही म्हण, कुणाला कारण कळणार नाही."

"आणि तू..."

"मग लग्न कुणाशी झालं तुमचं?"

"चोवीस वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला सांगायचं असेल तेव्हा सांगाल." सफरचंदाची फोड माझ्या हातात दिली. मग आठवण झाली, परत काढून घेतली, स्वतः खाल्ली. "आणि आई बोलल्या नसत्या तरी, अहो, मी गणित शिकवते. दोनपर्यंत येतं मला."

मला हसू यावं की काय यावं ते कळेना. चोवीस वर्षं मी रोज आधी दिवा मालवत आलो. तेही बोललो. ती म्हणाली, "मला वाटायचं, बिल वाचवताय."

मग तिने सांगितलं ते लिहून ठेवतो. पहिल्या आठवड्यातच तिला न्हाणीघरात नमद्याची टोपी सापडली होती. काय ते कळेना म्हणून मिस्त्रींना दाखवायला गेली. मिस्त्री म्हणाले, हे व्हर्नियरच्या जबड्याचं आहे. मग दोघांनी मिळून विचार केला की मालक न्हाणीघरात काय मोजत असतील. मिस्त्रींनी पाच मिनिटांनी टोपी खाली ठेवली आणि जाऊन चूळ भरली.


५ मार्च, बुधवार (कालचं)

आडवा पडून लिहितोय, अक्षर माझं नाही.

पाठीत सुई. पाय परके झाले. छातीवर हिरवा पडदा, त्याच्या पलीकडे बाईंचा आवाज आणि माझा ऐवज. डोक्याशी भूल देणारा डॉक्टर, तरुण, त्याच्या मागे भिंतीवर घड्याळ. मला तेवढंच दिसत होतं, म्हणून त्याच्यावरच लक्ष ठेवलं. सेकंदकाटा प्रत्येक मिनिटाला बाराशी किंचित अडखळत होता.

"क्लॅम्प," बाई म्हणाल्या. दहा वाजून अठरा मिनिटं.

मी म्हटलं, "दहा अठरा."

बाई म्हणाल्या, "त्यांना झोपेचं काही द्या."

"नको. नोंद कुणीतरी ठेवायला हवी."

बर्फ आला, खडखडला. मशीन आलं. बाई कुणाला तरी म्हणाल्या, "ड्रॉइंगमध्ये दाखवलीय तिथेच आहे." हे मी इथे शब्दशः लिहितोय आणि खाली रेघ ओढतोय. दहा एकतीसला बाई म्हणाल्या, "अख्खी निघाली. पाठवा." चपलांचा आवाज दारापर्यंत गेला.

मग वाट बघणं. बाईंनी विचारलं, "तुमच्या वर्कशॉपमध्ये काय काय होतं?" मी सांगायला लागलो. गियर कसे कापतो, दातांची संख्या कशी काढतो. दहा चाळीस. मूळ संख्या आली की कसं अवघड जातं. दहा पंचेचाळीस. माझा आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटत होता, पण बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर घड्याळ ऐकू आलं असतं.

दहा एकोणपन्नासला फोन वाजला. नर्सने बाईंच्या कानाला धरला.

"हं," बाई म्हणाल्या. "हं. नक्की? अजून एक चकती बघा."

फोन ठेवला. त्या 'अजून एक चकती'ची चार मिनिटं. मी एवढा हुशार माणूस, लेथ बनवणारा, चार मिनिटांत फक्त एकच विचार केला, की ही बाहेर कुठल्या खुर्चीवर बसली असेल आणि तिची पाठ खरंच दुखत असेल का.

दहा त्रेपन्न. फोन.

"थँक्यू," बाई म्हणाल्या. मग पडद्यावरून डोकावल्या, एवढ्याशा उंचीच्या, बहुतेक स्टुलावर चढून. "साधी आहे. आत नुसता कचरा भरलेली पिशवी, कातडीच्या पेशींची. तुमचा माल परत ठेवतेय."

"क्लॅम्प किती वेळ होता?"

"तुम्ही सांगा."

सांगायला गेलो आणि घड्याळ धूसर दिसायला लागलं. भूल देणाऱ्या डॉक्टरने माझे डोळे पुसले. त्याला वाटलं दिवा डोळ्यांवर येतोय.


६ मार्च, गुरुवार

मिस्त्री भेटायला आले. दारातच उभे. "मालक, माल शाबूत?"

"शाबूत. दोन तृतीयांश."

"चालतंय तेवढ्यावर?"

"बाई म्हणतात चालेल. तीन महिन्यांनी रक्त बघणार."

मिस्त्री डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ते नवं व्हर्नियर घरीच ठेवलंय मी. बायको हात लावू देत नाही." आणि इतके हसले की टाके माझे दुखले.


१३ मार्च, गुरुवार

टाके निघाले. जखम साडेपाच सेंटीमीटर, शिवण सुबक, अंतर सारखं. बाईंना तसं सांगितलं. "तुमच्याकडून सर्टिफिकेट मिळालं, आता निवृत्त व्हायला हरकत नाही," म्हणाल्या.

पक्का रिपोर्ट आला. दोनदा वाचला, मग हिने माझ्या हातातून घेऊन एकदा वाचला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, मुलांच्या वह्या तपासते तशी. साधीच. सगळीकडून साधी. काठ स्वच्छ.

ही आज आत होती. मी बाहेर बसवलं नाही आणि ती बाहेर बसली नाही.

बाईंनी रिपोर्ट फाइलमध्ये लावला आणि ड्रॉवरमधून एक डबी काढली. "हे मी सगळ्यांना विचारते, म्हणून तुम्हालाही विचारते. डावीकडे गोटी बसवता येते. सिलिकॉनची. एक छोटं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. बाहेरून कुणाला कळणार नाही."

डबीत तीन होत्या. लहान, मधली, मोठी. मी मधली तळहातावर घेतली. वजन बरोबर, नरमाई जवळपास बरोबर. साच्याची सांध्याची रेघ नखाला लागते, पण ती घासून काढता येईल. काम चांगलं होतं. कुणीतरी मनापासून केलेलं.

मी ती उजेडाकडे धरून फिरवत होतो. ही माझ्याकडे बघत होती, डबीकडे नाही. मी तिला विचारलं, "काय म्हणतेस?"

"तुमचं आहे, तुम्ही ठरवा."

"बघायला तूच असतेस."

बाई फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागल्या. ही म्हणाली, "मग मला आहे त्याची सवय आहे."

गोटी डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

तर नोंद अशी. डाव्या रिकाम्या जागेसाठी सिलिकॉनची एक, मधला आकार, ऑपरेशन आणि भूल धरून बेचाळीस हजार पाचशे. नको म्हणालो.